राखणीचे पैसे

भोपाळच्या जुन्या तटाबाहेर, लहान तलावाच्या पलीकडे जहांगीराबाद नावाची वस्ती आहे. नवाब जहांगीर महंमद खान याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती वसविली आणि आपली फौज तेथे नेऊन ठेविली. आज त्याच वस्तीत मध्य प्रदेश पोलिसांचे मुख्यालय आहे. पोलीस दलांच्या आधुनिकीकरणाची केंद्रीय योजना १९६९-७० साली सुरू झाली. तेव्हापासून राज्याच्या पोलिसांची एक मागणी भोपाळहून दिल्लीस जात आली आहे. वाहने इतकी, बिनतारी संच इतके, शस्त्रे इतकी, प्रयोगशाळेची उपकरणे इतकी, असा वर्षाचा आराखडा तयार होतो. मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील समिती तो तपासते आणि मग तो केंद्रीय गृहमंत्रालयाकडे रवाना होतो. तेथे काही मंजूर होते, काही कापले जाते. मागच्या पैशाचा हिशेब पोहोचला नसेल तर पुढचा हप्ता अडून राहतो.

ह्या कोरड्या कागदी व्यवहारात इतिहासाच्या अभ्यासकाने लक्ष घालावे असे काय आहे, असे कोणी विचारील. उत्तर असे की, राखण कोणी करावी ह्यापेक्षा राखणीचे पैसे कोणी द्यावेत, ह्याच प्रश्नावर भोपाळचा दोनशे वर्षांचा इतिहास पुनःपुन्हा येऊन थांबला आहे. आणि ज्याने पैसे दिले त्याने स्वतःला ज्याची भीती वाटत होती त्याच्यापासूनच राखण करून घेतली. भोपाळच्या रहिवाशाला कशाची भीती वाटते, हे विचारण्याची पाळी फार उशिरा आली.

प्रारंभ आपल्याकडील खेड्यापासून करणे सोयीचे होईल. जुन्या मराठी गावात राखणीचे काम जागल्याकडे असे, कोठे रामोशाकडे, कोठे भिल्लाकडे. त्यांना रोख पगार नव्हता. खळ्यावरच्या धान्याचा वाटा आणि इनामाचा तुकडा हाच त्यांचा मुशाहिरा. चोरी झाली म्हणजे जागल्याने पाऊलखुणांवरून माग काढावयाचा. माग दुसऱ्या गावच्या शिवेत शिरला की तो पुढे नेण्याची जबाबदारी त्या गावाची. ज्या गावात माग संपला त्या गावाने चोरीची भरपाई करावी, असा दंडक पुष्कळ ठिकाणी होता. ह्या पद्धतीत दोष होतेच. राखणदार आणि चोर एकाच जमातीचे, असा संशय नेहमी घेतला जाई, आणि तो जातीच्या अंगाने घेतला जाई हे विसरून चालणार नाही. परंतु एक गोष्ट त्या व्यवस्थेत स्वच्छ होती. पैसे देणारा आणि राखला जाणारा एकच होता. इंग्रजी अमलात पुरंदरच्या परिसरातील रामोशांच्या पिढीजात हक्कांना कात्री लागली, तेव्हा काय झाले हे सर्वांना माहीत आहे. उमाजी नाईकाने बंड उभारले आणि १८३२ साली पुण्यात त्याला फाशी देण्यात आले.

माळव्यात हीच व्यवस्था निराळ्या वळणाने गेली. डिसेंबर १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावाने निजामाला भोपाळपाशी कोंडले. जानेवारी १७३८ मध्ये दोराहा येथे तह झाला. नर्मदा आणि चंबळ ह्यांच्यामधील मुलूख व युद्धखर्चाचे पन्नास लाख रुपये निजामाने कबूल केले. भोपाळचे अफगाण घराणे मात्र आपल्या किल्ल्यात टिकून राहिले. पुढच्या पाऊणशे वर्षांत ह्या मुलखातील रयतेने चौथाई भरली, सरदेशमुखी भरली, नवाबाचा सारा भरला. आणि ह्या सर्वांवर ताण म्हणजे गिरासियांचा टंखाही भरला. गिरासिया म्हणजे हातची जमीन गेलेले लहान लहान रजपूत सरदार. गावे लुटू नयेत म्हणून त्यांना दरसाल जी ठराविक रक्कम मिळे, तिला टंखा म्हणत. लुटारूलाच राखणदार नेमण्याचा हा प्रकार आज हास्यास्पद वाटेल. पण ज्या गावकऱ्याचे उभे पीक शेतात होते, त्याला तो हिशेब परवडत होता. १८१८ नंतर सर जॉन माल्कमने माळव्याची घडी बसविली, तेव्हा त्यानेही हे टंखे रद्द केले नाहीत. उलट ते देण्याची हमी कंपनी सरकारने घेतली. चाणाक्ष माल्कमला ठाऊक होते की, हा खर्च फौजेच्या खर्चाहून स्वस्त पडेल.

त्याआधीची वीस वर्षे भोपाळने जे भोगले ते वेगळेच होते. पेंढाऱ्यांच्या टोळ्या नर्मदेच्या खोऱ्यात तळ देऊन असत. १८१३-१४ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले ह्यांच्या फौजांनी भोपाळला वेढा घातला, तो कित्येक महिने चालला. वजीर महंमद खानाने शहर लढविले, आणि तटावर पुरुषांच्या बरोबरीने बायकाही उभ्या राहिल्या, असे भोपाळकर आजही अभिमानाने सांगतात. हा इतिहास वाचताना मराठी वाचकाला थोडे अवघडल्यासारखे होते, आणि व्हावेही. आपल्या बखरींत जी मोहीम असते, ती दुसऱ्या गावच्या आठवणीत वेढा असते.

म्हणून वजीर महंमदाचा मुलगा नजर महंमद ह्याने फेब्रुवारी १८१८ मध्ये कंपनीशी तह केला, तेव्हा त्याला संरक्षण हवे होते ह्यात नवल नाही. तहात संरक्षण मिळाले, पण फुकट नव्हे. भोपाळ संस्थानाने सहाशे घोडेस्वार आणि चारशे पायदळ पुरवावे, असे ठरले. त्या खर्चासाठी कंपनीने पूर्वी मराठ्यांकडे असलेले आष्टा, इछावर, सीहोर, दोराहा आणि देवीपुरा हे पाच महाल संस्थानाला दिले. आजच्या भाषेत बोलावयाचे तर सुरक्षेसाठी दिलेले हे अनुदानच. मात्र त्याची अट पाहण्यासारखी आहे. ही फौज संस्थानाच्या खर्चाने उभी राहावयाची, तिचे अधिकारी इंग्रज असावयाचे, आणि तिचा तळ राजधानीत नसून वीस-बावीस मैल दूर सीहोरच्या छावणीत, इंग्रज पोलिटिकल एजंटाच्या नजरेखाली असावयाचा. निजामाच्या आणि पेशव्यांच्या तैनाती फौजेची कथा ज्यांनी शाळेत वाचली आहे, त्यांना ही अट परिचयाची वाटेल. पुढे माणसे पुरविण्याऐवजी संस्थानाने रोख रक्कम द्यावी असे झाले, आणि दरसाल दीड लाखावर रुपये भोपाळच्या खजिन्यातून ह्या ‘भोपाळ कंटिंजंट’साठी जाऊ लागले.

त्याच १८१८ साली पेंढाऱ्यांचा निकाल लागला. चितूला असीरगडच्या बाजूच्या रानात पुढल्या वर्षी वाघाने मारले. करीमखानाला दूर गोरखपूरकडे जमीन मिळाली. त्याचा पुतण्या नामदारखान शरण आला, त्याला भोपाळमध्येच राहण्याची परवानगी मिळाली. म्हणजे ज्याच्या भीतीने फौज उभारली, तो त्याच शहराचा शांत रहिवासी झाला. फौजेचा खर्च मात्र चालूच राहिला. राखणीच्या खर्चाची ही खोड सर्व देशांत आणि सर्व काळांत सारखीच दिसते.

ह्या खर्चाचे खरे स्वरूप १८५७ साली उघडे पडले. सीहोरच्या छावणीतील शिपाई उठले. ऑगस्टमध्ये त्यांनी तेथे ‘सिपाही बहादूर’ नावाने आपले स्वतंत्र सरकार जाहीर केले. ज्या फौजेसाठी भोपाळची रयत तीस-चाळीस वर्षे पैसे भरीत आली होती, ती फौज ना इंग्रजांच्या कामी आली, ना भोपाळच्या. जानेवारी १८५८ मध्ये सर ह्यू रोझ सीहोरला पोहोचला आणि त्याने पकडलेल्या शिपायांना रांगेने उभे करून गोळ्या घातल्या. तेथून निघालेला हाच रोझ दोन महिन्यांनी झाशीच्या तटाखाली उभा होता.

त्या वर्षी भोपाळचा कारभार सिकंदर बेगम पाहत होती. जहांगीराबाद वसविणाऱ्या जहांगीर महंमदाची ही पत्नी. नवऱ्याशी तिचे कधीच पटले नाही, आणि १८४४ मध्ये तो वारल्यावर थोड्याच वर्षांत राज्याची सर्व सूत्रे तिच्या हाती आली. इंग्रजांचा पक्ष तिने सोडला नाही, म्हणून राष्ट्रीय इतिहासात तिला मानाचे पान मिळत नाही. पण राज्य चालविणारी स्त्री म्हणून ती असामान्य होती. तिने मुलखाची पाहणी करविली, राज्याचे तीन जिल्हे आणि एकवीस पोटविभाग पाडले, प्रत्येक ठिकाणी जबाबदार अंमलदार नेमला. अपिलाचे न्यायालय स्थापन केले, टपाल सुरू केले, बातमीदारांचे जाळे विणले, आणि राज्याच्या डोक्यावरचे तीस लाखांचे कर्ज फेडले. गावोगाव ती स्वतः घोड्यावरून हिंडे. सत्तावन्नच्या उठावात भोपाळ शहर शांत राहिले, ह्याचे कारण सीहोरची महागडी फौज नव्हे. बेगमेजवळ बातमी वेळेवर पोहोचत होती, आणि शिपायांपुढे पैसा केव्हा मोकळा करावा हे तिला कळत होते. इंग्रजांनी तिला १८६० साली धारच्या पवारांकडून काढून घेतलेला बेरसिया परगणा बक्षीस दिला. कंटिंजंट मात्र मोडले गेले नाही. त्याची नव्याने बांधणी होऊन ‘भोपाळ बटालियन’ झाली, आणि पुढे ती इंग्रजांच्या हिंदी सैन्यातच विलीन झाली. भोपाळच्या पैशाने उभ्या राहिलेल्या ह्या पलटणीचे सैनिक पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत लढले.

इंग्रजी मुलखात ह्याच सुमारास, १८६१ साली, पोलिसांचा कायदा झाला. त्याची कलमे वाचताना पैशाचा प्रश्न तेथेही डोके वर काढतो. एखाद्या सावकाराला किंवा गिरणीवाल्याला जादा पोलीस हवे असतील तर त्याने खर्च भरून ते मागून घ्यावेत, अशी एक तरतूद आहे. दुसरी तरतूद अशी की, एखादा भाग अशांत ठरला तर तेथे जादा पोलीस ठेवून त्यांचा खर्च रहिवाशांच्या माथी मारावा. ही दुसरी रीत महाराष्ट्राने चांगलीच अनुभवली. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली, आणि त्यानंतर शहरावर दंडात्मक पोलीस बसविण्यात आले. त्यांचा खर्च पुणेकरांकडून वसूल झाला. प्लेगने ज्यांच्या घरची माणसे गेली होती, त्यांनाच आपल्यावर पाळत ठेवणाऱ्यांचा पगार भरावा लागला. राखण हा शब्द अशा ठिकाणी वापरू नये.

भोपाळमध्ये बेगमांची राजवट १९२६ पर्यंत चालली आणि नंतर नवाब हमीदुल्ला खान गादीवर आला. त्या काळातील संस्थानी पोलिसांविषयी येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. परंतु त्या राजवटीच्या अखेरचा एक प्रसंग वगळता येत नाही. देश स्वतंत्र होऊन दीड वर्ष होत आले तरी भोपाळ भारतात पुरते विलीन झाले नव्हते. १४ जानेवारी १९४९ रोजी, मकरसंक्रांतीच्या दिवशी, नर्मदेच्या काठी बोरास गावच्या घाटावर जत्रा भरली होती. तेथे विलीनीकरणाच्या मागणीसाठी तिरंगा फडकविला जात असता संस्थानच्या पोलिसांनी गोळीबार केला आणि चार जण ठार झाले. त्यांतला एक जेमतेम सोळा वर्षांचा होता. त्या पोलिसांचा पगार नवाबाच्या खजिन्यातून होत होता, आणि नवाबाच्या खजिन्यात पैसा बोराससारख्याच गावांतून येत होता. १ जून १९४९ रोजी भोपाळचा कारभार भारत सरकारने हाती घेतला.

पुढची सात वर्षे भोपाळ हे दिल्लीच्या देखरेखीखालील ‘क’ वर्गाचे लहानसे राज्य होते. मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला, आणि महाकोशल, मध्यभारत, विंध्यप्रदेश आणि भोपाळ मिळून नवा मध्य प्रदेश झाला. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. नागपूरची राजधानी गेली आणि ती भोपाळला आली. नागपूरच्या सचिवालयातील दप्तरे भोपाळला रवाना झाली, आणि त्यांच्यामागोमाग कितीतरी मराठी कारकून, अधिकारी आणि शिक्षक कुटुंबांसह तेथे गेले. नव्या राजधानीतील एका मोठ्या वस्तीला तात्या टोप्यांचे नाव मिळाले. तेथे आजही मराठी कानांवर पडते.

ह्या नव्या शहराची राखण करणे सोपे नव्हते. १९५१ च्या शिरगणतीत भोपाळची वस्ती सुमारे एक लाख होती. १९६१ मध्ये ती दोन लाख तेवीस हजारांच्या आसपास गेली. अवजड विद्युत यंत्रांचा प्रचंड कारखाना शहराबाहेर उभा राहत होता. शिवाय नव्या राज्याचे पोलीस दल हे चार दलांचे गाठोडे होते. शिंदे आणि होळकर ह्यांच्या जुन्या संस्थानांतून आलेले शिपाई, नागपूरच्या इंग्रजी शिस्तीत वाढलेले शिपाई, विंध्यप्रदेशाच्या लहान लहान रियासतींतले शिपाई आणि नवाबाचे शिपाई, असे सर्व एका यादीत आले. त्यांचे नियम वेगळे, पगार वेगळे, सवयी वेगळ्या.

१९५८ साली ह्या दलाचे प्रमुख म्हणून खुसरो फरामुर्झ रुस्तमजी आले. नागपूरजवळच्या कामठीस जन्मलेले हे पारशी गृहस्थ त्यापूर्वी सहा वर्षे पंडित नेहरूंचे सुरक्षा अधिकारी होते. चंबळच्या खोऱ्यात त्या वेळी दरोडेखोरांचे राज्य होते. रुस्तमजींच्या कारकीर्दीत गब्बरसिंग, रूपा, लाखन अशा नामांकित टोळ्यांचा एकामागून एक बीमोड झाला. ह्याचे श्रेय बंदुकांना देण्याची प्रथा आहे. पण बिनतारी यंत्राने मिळणारी बातमी आणि खोऱ्यातून झटपट हलणारे पथक ह्यांचा वाटा त्यांत मोठा होता. सिकंदर बेगमेला जे कळले होते, तेच शंभर वर्षांनी पुन्हा कळले. रुस्तमजी १९६५ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख झाले.

आता त्या १९६९ च्या योजनेकडे परत येता येईल. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पोलीस हा विषय राज्यांच्या यादीत आहे. म्हणजे पोलिसांचा खर्च हा राज्याचा खर्च. परंतु नव्या राज्यांची तिजोरी पगारातच रिकामी होत होती. वाहने जुनी, बिनतारी संच जुने, ठाण्याची छपरे गळकी. म्हणून केंद्राने मदत द्यावयाचे ठरविले. सुरुवातीला ही मदत काही अनुदान आणि काही कर्ज अशी मिळे. २००० नंतर योजनेची फेररचना होऊन तिच्यासाठी केंद्राने दरसाल एक हजार कोटींची तरतूद केली. मध्य प्रदेशासारख्या राज्यांत केंद्राचा वाटा कधी निम्मा, २००५-०६ पासून पाऊण, तर पुढे साठ टक्के, असा बदलत राहिला. सप्टेंबर २०१७ मध्ये तीन वर्षांसाठी २५,०६० कोटी रुपयांची छत्रयोजना मंजूर झाली. नंतर २०२१-२२ ते २०२५-२६ ह्या काळासाठी २६,२७५ कोटींची. हे आकडे ऐकून छाती दडपते. परंतु त्यांतला मोठा भाग जम्मू-काश्मीर, ईशान्य भारत आणि नक्षलवादी कारवायांचे जिल्हे ह्यांच्यासाठी होता. दुसऱ्या कालखंडात राज्यांच्या पोलिसांच्या सर्वसाधारण आधुनिकीकरणासाठी ४,८४६ कोटी ठेवले होते, तेही साऱ्या देशासाठी आणि पाच वर्षांसाठी.

ह्यात दिल्लीला दोष देण्याचे कारण नाही. दिल्लीला जी भीती वाटते तिच्यासाठी दिल्ली पैसे देते: फुटीरपणाची, दहशतवादाची, दंगलीची. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला आणि त्यानंतर किनारपट्टीची ठाणी, वेगवान नौका, नवी शस्त्रे ह्यांना भराभर मंजुऱ्या मिळाल्या, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. प्रश्न एवढाच की, ज्या ठाण्यात सामान्य माणूस तक्रार घेऊन येतो त्या ठाण्याची भीती वेगळी असते, आणि ती मागणीच्या तक्त्यात कोणत्या रकान्यात लिहावी हे कोणाला सुचत नाही.

भोपाळइतका ह्याचा कठोर पुरावा दुसऱ्या शहराजवळ नसेल. २ डिसेंबर १९८४ ची रात्र सर्वांना माहीत आहे. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि जुन्या शहराच्या दाट वस्तीवर पसरला. त्या रात्री पोलिसांनी गल्लोगल्ली फिरून लोकांना घराबाहेर पडून पळावयास सांगितले, आणि तो वायू त्यांच्याही छातीत गेला. त्यांच्या धैर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण वायू कोणता, तो कोणत्या बाजूस पसरत आहे, लोकांनी पळावे की तोंडावर ओले फडके धरून पडून राहावे, हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते. दहा हजार बंदुकांनी आणि शंभर जीपगाड्यांनी ह्या अज्ञानात काडीचा फरक पडला नसता. ठाण्याच्या हद्दीतील कारखान्यात कोणते विष साठविले आहे हे लिहिलेला एक कागद, आणि त्यावर काय करावे ह्याची एक सूचना, एवढीच त्या रात्रीची गरज होती. ती कोणत्याही आधुनिकीकरणाच्या यादीत महागडी ठरली नसती.

पैसा मिळून वस्तू आली म्हणजे काम झाले, असेही नाही. देशाचे नियंत्रक व महालेखापरीक्षक ह्यांनी निरनिराळ्या राज्यांत ह्या योजनेचे हिशेब तपासले आहेत, आणि खर्ची न पडलेली रक्कम व वापराविना पडून राहिलेली उपकरणे ह्यांची तक्रार त्यांच्या अहवालांत वारंवार आढळते. ३१ ऑक्टोबर २०१६ च्या पहाटे भोपाळच्या मध्यवर्ती कारागृहातून आठ कच्चे कैदी एका पहारेकऱ्याचा खून करून पळाले, आणि त्याच सकाळी शहराबाहेर पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. त्या भागातील कॅमेरे त्या वेळी बंद होते, असे तेव्हा उघड झाले. कारागृह हे वेगळे खाते आहे, हे खरे. परंतु कॅमेऱ्याला खाते कळत नाही. कोणी रोज त्याच्याकडे पाहिले नाही की तो बंद पडतो.

रुस्तमजींचे नाव येथे पुन्हा घ्यावे लागते. १९७७ साली धर्मवीर ह्यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला, त्याचे ते सदस्य होते. आयोगाने आपल्या पहिल्याच अहवालात शिपायाचा पगार, त्याचे घर आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी हे विषय हाती घेतले. ज्याने चंबळमध्ये टोळ्या मोडल्या त्या माणसाने शस्त्रागारापासून सुरुवात केली नाही, शिपायाच्या घरापासून केली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आयोगाचे आठ अहवाल १९८१ पर्यंत पुरे झाले, आणि बहुतांशी कपाटात गेले. पंचवीस वर्षांनी, २२ सप्टेंबर २००६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाला पोलीस सुधारणेविषयी राज्यांना आदेश द्यावे लागले. भोपाळ आणि इंदूर ह्या शहरांत पोलीस आयुक्तालये ९ डिसेंबर २०२१ पासून सुरू झाली. भोपाळचे पहिले आयुक्त मकरंद देऊस्कर हे नाव वाचून नागपूरहून गेलेल्या जुन्या मराठी कुटुंबांना बरे वाटले असेल.

परंतु ह्या सर्व घडामोडींत सर्वांत मोलाचा प्रयोग आयुक्तालयाचा नव्हे. त्याची बातमीही फारशी झाली नाही. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत एका तरुणीवर जो भीषण अत्याचार झाला, त्यानंतर केंद्राने २०१३ साली एक हजार कोटी रुपयांचा निर्भया निधी स्थापन केला. निधी उभा राहिला, आणि नेहमीप्रमाणे पुष्कळसा पडून राहिला. मध्य प्रदेश पोलिसांनी मात्र संशोधकांच्या मदतीने एक साधी गोष्ट करून पाहिली. ठाण्यात शिरताच स्त्रीने कोणाकडे जावे हे ठरलेले असावे, तिच्यासाठी आडोशाची जागा असावी, तेथे बसणाऱ्या अधिकाऱ्याला शिकवण दिलेली असावी, आणि ऐकलेले कसे नोंदवावे ह्याचे लेखी नियम असावेत. ह्या कक्षाला ‘ऊर्जा’ असे नाव दिले. बारा जिल्ह्यांतील १८० ठाणी निवडली. त्यांच्या हद्दीत दोन कोटींहून अधिक लोक राहतात. सुमारे तिसरा हिस्सा ठाण्यांत कक्ष उघडला. दुसऱ्या तितक्याच ठाण्यांत तो उघडून त्यावर स्त्री अधिकारी नेमली. उरलेली ठाणी होती तशीच ठेविली. कोणत्या ठाण्याला काय मिळावे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरविले, म्हणजे मर्जीतल्या ठाण्याला झुकते माप मिळण्याची सोय उरली नाही.

निष्कर्ष २०२२ मध्ये अमेरिकेतील ‘सायन्स’ ह्या नामवंत नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जेथे कक्ष होता तेथे स्त्रियांच्या तक्रारींची नोंद वाढली. घरगुती हिंसाचाराचे अहवाल, जे पूर्वी जवळजवळ लिहिलेच जात नसत, ते लिहिले जाऊ लागले. आणि गुन्हे नोंदविण्याच्या बाबतीत खरा फरक पडला तो मुख्यतः जेथे कक्षावर स्त्री अधिकारी होती तेथे. येथे एक विरोधाभास ध्यानात ठेवावा लागतो. गुन्ह्यांची नोंद वाढली की वर्तमानपत्रांत गुन्हे वाढल्याचे मथळे येतात आणि अधिकाऱ्याला खुलासा विचारला जातो. म्हणून कोणत्याही ठाणेदाराचा कल नोंद न करण्याकडे असतो. ‘घरी जा, समजुतीने घ्या’ हे वाक्य त्याला स्वस्त पडते. ह्या प्रयोगात नोंद वाढणे हेच यश मानले गेले.

३१ मार्च २०२१ रोजी मध्य प्रदेशातील ७०० ठाण्यांत असे कक्ष सुरू झाले. देशभरातील दहा हजार ठाण्यांत महिला मदत कक्ष उघडण्यासाठी निर्भया निधीतून शंभर कोटी रुपये मंजूर झाले होते. म्हणजे ठाण्यामागे एक लाख रुपये. एका जीपगाडीच्या किमतीत अशी निदान पाच-सात ठाणी होतात.

एक लाखात टेबल येते, खुर्च्या येतात, आडोसा येतो, संगणक येतो. पुढे बसून ऐकणारी स्त्री पोलीस मात्र त्यात येत नाही. अनुदान वस्तूंसाठी असते. पगार राज्याने द्यावयाचा असतो. २०२२ च्या प्रारंभी देशाच्या पोलीस दलांत स्त्रियांचे प्रमाण शंभरांत बाराही नव्हते, आणि मध्य प्रदेशात ते त्याहूनही कमी होते. भोपाळहून दिल्लीला जाणाऱ्या मागणीत तिच्यासाठी रकाना नाही. तिची मागणी जहांगीराबादहून फार दूर जावयाची नाही. तलावापलीकडच्या टेकडीवर राज्याचे सचिवालय आहे, तेथपर्यंतच जावयाची आहे.